एकट्यानं, चोरून

(लेखमाला : जोडी आणि जोडीदार – लेखांक ७)

मराठी पोरांनी ‘ब्लू पिक्चर’चं ‘बीपी’ करून टाकलं, त्याला कितीतरी वर्षं झाली. रवी जाधव यांच्या २०१३ सालच्या ‘बालक पालक’नं तर हीच आद्याक्षरं नावातच घेतली. त्या चित्रपटातली चाळीतली मुलं ऐंशीच्या दशकातली. व्हीसीआर मिळवायचा, कॅसेट आणायची, कुणाचं तरी घर रिकामं व्हायची वाट बघायची. एवढा खटाटोप एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला नव्हता, त्याला टोळकं लागायचं. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि टोळक्याची गरज संपली. आता पलंगाच्या एका कडेला बायको झोपलेली असते, दुसऱ्या कडेला नवरा इअरफोन लावून मोबाइल भिंतीकडे वळवतो. बघण्याचं साधन बदललं, याची चर्चा खूप होते. बघणारा एकटा झाला, याची फारशी होत नाही.

पॉर्न बघण्यानं संसारातलं समाधान घटतं का?

या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर १९८९ सालचं. अमेरिकेतल्या अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचे डग्लस केनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पुरुषांना ‘प्लेबॉय’सारख्या मासिकांच्या मधल्या पानावरच्या नग्न स्त्रिया दाखवल्या, तर काहींना अमूर्त चित्रं. मग प्रत्येकाला आपल्या बायकोबद्दल किंवा जोडीदारणीबद्दल विचारलं. मधलं पान पाहिलेल्या पुरुषांना ती कमी आकर्षक वाटली आणि तिच्यावरचं आपलं प्रेमही त्यांनी कमी नोंदवलं. स्त्रियांना पुरुषांची तशीच चित्रं दाखवली, तेव्हा त्यांच्यात असा परिणाम दिसला नाही. गोष्ट इतकी पटण्यासारखी होती, की ती पुस्तकांत गेली, व्याख्यानांत गेली. पंचपक्वान्नं बघून आल्यावर घरची आमटी पाणचट लागणारच, असा सरळ हिशेब.

तो पुढे चुकला. २०१७ साली कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठातल्या रोंडा बाल्झारिनी आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग तीनदा केला. माणसं मूळ प्रयोगापेक्षा बरीच जास्त घेतली आणि काय मोजणार, ते आधीच जाहीर करून ठेवलं. तिन्ही वेळा काही सापडलं नाही. नग्न छायाचित्रं पाहून आलेल्या पुरुषांचं जोडीदारणीवरचं प्रेम होतं तेवढंच निघालं.

म्हणजे बिनधास्त बघा, असं झालं का? तेही नाही. प्रयोगशाळेतली काही मिनिटं वेगळी आणि वर्षानुवर्षांची सवय वेगळी. त्याच २०१७ साली पॉल राइट आणि सहकाऱ्यांनी ५० अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत १० देशांतली ५० हजारांहून अधिक माणसं होती. जास्त पॉर्न बघणाऱ्या पुरुषांचं नात्यातलं आणि शरीरसुखातलं समाधान सरासरीनं कमी आढळलं. स्त्रियांबाबत तसं ठामपणे म्हणता आलं नाही. पुरुषांमधला संबंधही मोठा नव्हता. शिवाय जुनाच पेच उरला: बघितल्यामुळे मन नात्यातून उडतं, की उडालेलं मन तिकडे वळतं?

सॅम्युअल पेरी आणि सायरस श्लायफर या समाजशास्त्रज्ञांनी यावर एक वाट काढली. अमेरिकेतल्या विवाहितांच्या एकदा घेतलेल्या मुलाखतीवर न थांबता त्यांनी त्याच माणसांच्या २००६ ते २०१४ या काळातल्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या मुलाखती पाहिल्या. पहिल्या आणि नंतरच्या मुलाखतीच्या दरम्यान ज्यांनी बघायला सुरुवात केली, त्यांच्यात घटस्फोटाची शक्यता ६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेली होती. स्त्रियांमध्ये ती ६ वरून १६ वर. आकडा चांगलाच बोचतो. पण तो ज्या प्रश्नातून आला, तो प्रश्न असा: गेल्या वर्षभरात तुम्ही असा चित्रपट पाहिलात का, हो की नाही? दिवाळीत मित्राकडे एकदा बघणारा आणि रोज रात्री दोन तास बघणारा, दोघांचं उत्तर ‘हो’च! आणि घराबाहेर पडायचं मनात ठरवून झाल्यावर कुणी बघायला लागलं असेल, तर तेही या आकड्यात कळत नाही.

खरा धागा सापडतो तो ‘किती बघितलं’ यापेक्षा ‘कसं बघितलं’ हे विचारणाऱ्या अभ्यासांत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत प्रेमसंबंधात असलेली, पण लग्न न झालेली १,२९१ तरुण माणसं होती. पुरुषांपैकी सुमारे ७७ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३२ टक्के एकट्यानं बघत होते. कधीच न बघणाऱ्यांचं नातं एकट्यानं बघणाऱ्यांपेक्षा सरस होतं, हे अपेक्षितच. पण फक्त जोडीदाराबरोबर बघणारे जवळपास प्रत्येक बाबतीत न बघणाऱ्यांच्या बरोबरीला होते. फरक उरला तो बाहेरख्यालीपणात, तिथे न बघणारे उजवे. पुढे २०१६ साली ब्रायन विलोबी आणि सहकाऱ्यांनी १,७५५ जोडप्यांत दोन्ही जोडीदारांच्या बघण्यातली तफावत मोजली. तफावत जितकी मोठी, तितकं समाधान कमी. एक रोज बघतो आणि दुसरी बघतच नाही, अशा जोड्या जास्त डळमळीत.

बायकोच्या हाती मोबाइलची हिस्टरी लागते, तेव्हा तिला काय बोचतं ते यावरून उमगावं. पडद्यावरची बाई सलत असेलही, पण तेवढीच नाही. ‘आणखी काय काय लपवलंय?’ हा प्रश्नही सलतो. पुरुषांकडे वेगळीच गाठ असते. मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रब्ज यांनी दाखवलं आहे की, जी माणसं हे पाप मानतात आणि तरी बघतात, ती बघण्याचं प्रमाण थोडं असूनही स्वतःला व्यसनी समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत ‘अनिवार लैंगिक वर्तन’ हा विकार आहे खरा. पण केवळ नैतिक अपराधीपणामुळे होणारा त्रास त्या निदानाला पुरेसा नाही, असंही तिथे लिहिलेलं आहे.

वरचे जवळपास सगळे आकडे अमेरिका-कॅनडातले. नाशिकच्या किंवा लातूरच्या जोडप्याला ते जसेच्या तसे लावणं घाईचं होईल. स्वतंत्र खोली नसणं, ठरवून झालेलं लग्न, लैंगिक शिक्षणाचा अभाव, यातलं काहीच त्या आकड्यांत नाही. इथे अनेक तरुणांचा शरीरसंबंधांचा पहिला धडाच पॉर्न असतो आणि पहिल्या रात्रीच्या अपेक्षा त्यातूनच उचललेल्या असतात.

विचारायचं कुणाला, ही अडचण जुनी. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या अशाच प्रश्नांना छापील उत्तरं देत होते. त्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले, २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र त्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, निघत राहिलं.

(पुढच्या आठवड्यात : एकत्र कुटुंबातलं नवं जोडपं आणि कडी नसलेलं दार)