पलटण एका ट्रेवर

दिवाळीच्या तोंडावर कराडच्या बाजारात मावळे येतात, मातीचे आणि प्लॅस्टरचे. किल्ल्यावर मांडून झाले की बहुतेक घरांत त्यांचं काम संपतं. आमच्याकडे तिथून पुढे लढाया सुरू होतात. भाचे-पुतणे आणि मी, मोठं टेबल, मोजपट्टी, फासे आणि आमचे आम्ही ठरवलेले नियम. अशा खेळाला वॉरगेम म्हणतात आणि परदेशात तो साधारण 28 मिमी उंचीच्या बाहुल्यांनी खेळतात. आमचे मावळे त्याहून बरेच उंच आणि जड, पण अडचण दोन्हीकडे एकच. पलटण पुढे न्यायची म्हणजे एकेक शिपाई उचलायचा. उचलताना बोटं जातात डोक्याला नाहीतर तलवारीला, आणि मोडतं तेही तेच.

त्यावर उपाय म्हणजे ट्रे. आधी प्रत्येक मावळ्याला 40 मिमी चौरस पुठ्ठ्याची बैठक चिकटवायची, कारण साच्यातून निघालेल्या मातीच्या बैठका कधीच सारख्या नसतात. मग 3 मिमी जाडीच्या एमडीएफची तळपाटी. फर्निचरच्या दुकानात असे तुकडे उरलेलेच असतात. पाच मावळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या तर हिशेबाने 200 बाय 80 मिमी जागा लागते, पण आतली जागा 202 बाय 82 ठेवायची. पुठ्ठा फेविकॉलने थोडा फुगतो, रंगाने आणखी थोडा, आणि अगदी घट्ट बसलेला मावळा काढताना शेजाऱ्याला पाडतो. तीन बाजूंना आइस्क्रीमच्या काड्यांची कड लावायची आणि समोरची बाजू मोकळी सोडायची. समोर कड असली तर शत्रूचा ट्रे येऊन भिडतो तेव्हा दोन्ही आघाड्यांमध्ये फट राहते आणि कोण कोणाशी लढतोय यावरून भांडण लागतं. मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं.

मेलेला शिपाई नेहमी मागच्या रांगेतून काढायचा. पुढचा पडला की मागचा त्याच्या जागी येतो, म्हणून आघाडी भरलेलीच दिसते आणि ट्रेची मागची बाजू रिकामी होत जाते. पलटणीची अवस्था टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही कळते.

पण ट्रेची खरी करामत वळताना दिसते. पलटण वळवायची म्हणजे आतला कोपरा बोटाने दाबून धरायचा आणि बाहेरचा कोपरा फिरवायचा. बाहेरचा कोपरा जितकं अंतर कापेल तितकी चाल खर्ची पडते. आमचा ट्रे 20 सेंटिमीटर रुंद, म्हणून काटकोनात वळायला बाहेरच्या कोपऱ्याला 31 सेंटिमीटरहून जास्त जावं लागतं. दोरा लावून मोजा. आमच्या नियमात पायदळाची एका डावाची चाल 15 सेंटिमीटर, म्हणजे नुसतं वळण्यात दोन डाव पुरे होत नाहीत. तेच दहा मावळे दोन-दोनच्या पाच रांगांत उभे केले तर रुंदी 8 सेंटिमीटर, आणि वळण साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, एका डावात. कवायती फौजा चालताना अरुंद का असत आणि लढताना रुंद का पसरत, हे माझ्या सातवीतल्या भाच्याला दोऱ्याने एका दुपारी समजलं. शिपाई सुटे सुटे उचलून ठेवले असते तर ते कधीच समजलं नसतं, कारण हात कुठूनही कुठेही जातो.

प्रशियाच्या रायस्वित्झ बापलेकांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लष्करासाठी जो युद्धखेळ रचला, त्यात एकेक शिपाई नव्हताच. मुलाने 1824 साली तो सुधारला, तेव्हाही नकाशावर अख्ख्या तुकडीसाठी एक ठोकळा असे. बाहुल्या नंतर आल्या, आणि वॉरहॅमरसारख्या खेळांतल्या ट्रेने त्या बाहुल्यांना पुन्हा ठोकळ्यात बांधलं. मला ते मागे जाणं वाटत नाही. पलटण हा एकच जीव असतो आणि खेळात तो तसाच हलला पाहिजे.

मात्र सगळ्याच फौजा अशा बांधायच्या नसतात. कराडपासून जवळच, वसंतगडाच्या पायथ्याशी तळबीड आहे, 1674 मध्ये सरनोबत झालेल्या हंबीरराव मोहित्यांचं गाव. त्यांच्या स्वारांना चौकोनी ट्रेवर खांद्याला खांदा लावून उभं केलं की इतिहास तिथेच बिघडतो. त्यांच्यासाठी आम्ही वेगळे ट्रे कापले: वेडीवाकडी कड, आणि बैठकीच्या मापाची भोकं एकमेकांपासून लांब लांब. स्वार विखुरलेले दिसतात, तरी हलतात एकत्र. या ट्रेला वळायचा खर्च नाही, पण समोरासमोर भिडला तर फाशांत मार जास्त. मुलं आता आपणहून हे स्वार बगलेवर ठेवतात.

उतार हा ट्रेचा शत्रू. मातीच्या किल्ल्यावर, त्यातही अळीव उगवून आल्यावर, ट्रे घसरतो आणि अख्खी रांग तोंडावर पडते. सदाशिवगड करायचा तर तो पायऱ्यापायऱ्यांनी करावा लागतो, प्रत्येक पायरी ट्रेच्या खोलीपेक्षा बोटभर रुंद. गड खऱ्यासारखा दिसत नाही, हे मला खुपतं.

सध्या टेबलावर पानिपत आहे, 14 जानेवारी 1761. डाव्या बाजूला इब्राहिमखानाचे गारदी, समोर रोहिले. गारदी फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेले, म्हणून चौकोनी ट्रे शोभतात ते त्यांनाच. त्यांच्या शेजारी विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडेस्वार. गारद्यांचे ट्रे एकमेकांना चिकटवून लावले की रोहिल्यांना ते भारी पडतात, पण मग घोड्यांना पुढे जायला वाट उरत नाही, आणि घोडे पुढे घातले तर आपल्याच बंदुकांच्या तोंडी येतात. भाचा म्हणतो, दोन ट्रेंमध्ये एका घोड्याच्या ट्रेइतकी मोकळी जागा ठेवायची. पुतण्याचं म्हणणं, त्याच फटीतून रोहिले घुसतील. परवा त्या फटीमागे एक राखीव पलटण ठेवून पाहिली, तर तिला वळून तिथे पोचायलाच तीन डाव गेले. म्हणून राखीव पलटणीचा ट्रे आता अरुंद करायला घेतलाय. एमडीएफ कापून तयार आहे, काड्या अजून चिकटवायच्या आहेत.