हॉटेल बांधायचंय? आधी कागदावर बांधा!

हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना 'हॉटेल' म्हटलं की रविवारची संध्याकाळ आठवते, मेस बंद असते ती! मला मात्र हल्ली मामांची एक डायरी आठवते. तिच्यात माझ्याच हाताने लिहिलेला एक आकडा आहे : ५० लाख. हा लेख त्या आकड्याविषयी आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीची चूकभूल द्यावी घ्यावी. आकड्याची चूक मात्र मी स्वतःच कबूल करणार आहे.

मामांचं बाळापूरला, हायवेजवळ एक लॉज आहे. (आपल्या वऱ्हाडात चहा-नाश्ता मिळतो ते हॉटेल आणि राहायची सोय असते तो लॉज. या लेखात दोन्ही शब्द राहण्याच्या जागेसाठीच वापरले आहेत.) तळमजला आणि वर एक मजला, मिळून १२ खोल्या. मामांना जुन्या खोल्या नव्यासारख्या करायच्या होत्या आणि वर आणखी ६ खोल्या चढवायच्या होत्या. मी सेकंड इयरला होते. दिवाळीच्या सुट्टीत मामा म्हणाले, "काऊन वं पोरी, तू इंजिनिअर होऊन राह्यली ना? मंग मले एक बजेट काढून दे."

मी अर्ध्या तासात काढून दिलं. नवीन मजला २,००० चौरस फूट, दर १,६०० रुपये, म्हणजे ३२ लाख. जुन्या १२ खोल्या, प्रत्येकी दीड लाख, म्हणजे १८ लाख. एकूण ५० लाख. गुणाकार अगदी बरोबर होता! मामांनी १५ लाख घरचे घातले (त्यात मामीचे दागिने आले) आणि ३५ लाखांचं कर्ज काढलं. नंतर काय झालं ते सांगतेच, पण आधी हे काम कसं करायला हवं होतं ते पाहू.

१) पहिला प्रश्न : राहणार कोण?

आपण सिव्हिलवाले लगेच प्लॅन काढायला बसतो. हॉटेलचं बजेट मात्र गिऱ्हाइकापासून सुरू होतं. बाळापूर हे मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचं किल्ल्याचं गाव. पण किल्ला पाहायला येणारा माणूस तासाभरात पुढे जातो. रात्री मुक्काम करतो तो वेगळा. मुंबई-कोलकाता महामार्गावरून जाणारा (जुना क्रमांक ६, आताचा ५३), व्यापारी, लग्नाचा पाहुणा, तालुक्यातल्याच पारसच्या औष्णिक वीज केंद्रात मशिनरीच्या कामाला आलेला तंत्रज्ञ. शेगाव जवळच आहे, पण तिथे संस्थानाचं भक्तनिवास आहे, स्वच्छ आणि स्वस्त. भक्तनिवास भरलं की उरलेला भाविक आपल्याकडे येईल, या भरवशावर कर्ज काढायचं नसतं.

म्हणून आधी वर्षभराचं रजिस्टर उघडायचं. कोणत्या महिन्यात किती खोल्या लागल्या, सरासरी भाडं किती मिळालं, किती जण परत आले? मामांच्या लॉजमध्ये वर्षाची सरासरी १०० पैकी ६० खोल्या भरलेल्या आणि भाडं ७०० रुपये अशी निघाली. हे रजिस्टर मी पाहिलं, पण काम अडल्यावर!

२) 'हजाराला एक' हा नियम

हॉटेलच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. एका खोलीमागे जेवढे हजार रुपये खर्च होतील, तेवढे रुपये रोजचं भाडं मिळायला हवं. खोलीला ८ लाख लागले तर भाडं ८०० रुपये. हा काही कोड नाही, अंदाज आहे, आणि तोही १०० पैकी ७० च्या आसपास खोल्या भरत असतील असं धरून. पण पहिल्या दिवशी धोक्याची घंटा वाजवायला तो पुरेसा आहे.

माझ्या हिशेबाने नवीन ६ खोल्यांना ३२ लाख, म्हणजे खोलीमागे साधारण ५ लाख ३३ हजार. भाडं हवं ५३३ रुपये, मिळतंय ७००. वा! पण सगळे खर्च धरल्यावर तीच खोली ९ लाखांवर गेली. म्हणजे भाडं हवं ९००, आणि बाळापूरचं गिऱ्हाईक देतं ७००. हे ९ लाख कुठून आले?

३) गुणाकारात न आलेले खर्च

आपण एस्टिमेटिंगमध्ये शिकतो की चौरस फुटाचा दर लावून काढतात तो फक्त ढोबळ अंदाज. खरं एस्टिमेट म्हणजे प्रत्येक बाबीचं मोजमाप, त्याला दर, आणि दराचं पृथक्करण. पण हॉटेलच्या बाबतीत पूर्ण डिटेल एस्टिमेटसुद्धा अपुरं पडतं, कारण ते इमारतीचं असतं, धंद्याचं नसतं. माझ्या ५० लाखांत नसलेल्या गोष्टी अशा (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत) :

पलंग, गाद्या, चादरी, टीव्ही, एसी, गिझर, ६ नवीन खोल्यांसाठी : ७ लाख.
कंत्राटदाराच्या दरावर १८ टक्के जीएसटी, कारण दर "टॅक्स वेगळा" असा होता : ५ लाख ७६ हजार. स्वतःच्या हॉटेलच्या इमारतीवर भरलेला हा कर मालकाला पुढे वळता करून घेता येत नाही. म्हणजे तो खर्चच.
जुने खांब मजबूत करणं : ५ लाख.
आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, नकाशा मंजुरी, फायरची व्यवस्था : ३ लाख.
काम चालू असतानाचं व्याज : १ लाख २८ हजार.
लॉज ४ महिने बंद, त्यामुळे बुडालेलं भाडं : ६ लाख.

बेरीज केली तर २८ लाख. माझ्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त! यातलं शेवटचं कलम सोडलं तरी बाकीचं बहुतेक सगळं नवीन मजल्याच्याच डोक्यावर बसतं. ३२ लाखांचे ५४ लाख झाले, आणि भागिले ६ खोल्या म्हणजे ९ लाख.

बुडालेलं भाडं कसं काढलं? १२ खोल्यांपैकी रोज सरासरी ७ भरतात, गुणिले ७००, म्हणजे दिवसाला जवळपास ५ हजार रुपये. १२० दिवसांचे ६ लाख. या काळात वॉचमनचा पगार आणि विजेचं किमान बिल चालूच राहतं. रिनोव्हेशनच्या बजेटमध्ये हे कलम सगळ्यात आधी लिहायला हवं. आपण ते लिहीत नाही, कारण त्याचं बिल कोणी आणून देत नाही.

४) भिंतीच्या आत काय आहे?

नवीन बांधकामात जमीन फसवते आणि जुन्यात भिंत. बाळापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे पाया एकतर खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात. जुन्या इमारतीवर मजला चढवताना त्या वजनासाठी मुळात पाया घातला होता का, हे पाहावंच लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बाळापूर तालुक्याचा काही भाग येतो. आयएस ४५६:२००० प्रमाणे आरसीसीसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, नाहीतर सळई आतून गंजते. पंचवीस वर्षांपूर्वी बोअरचं पाणी कोणी तपासून वापरलं असेल? मामांच्या लॉजचं प्लास्टर काढलं तेव्हा दोन खांबांच्या सळया पापुद्र्यासारख्या सुटल्या. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक टेस्ट, थोडं प्लास्टर फोडून पाहणं, हे काही हजारांत झालं असतं. कर्ज काढायच्या आधी झालं असतं तर निर्णयच बदलला असता.

म्हणूनच आकस्मिक खर्चाची टक्केवारी सरसकट सारखी नसते. पुस्तकात आपण कंटिंजन्सी ३ ते ५ टक्के धरतो. जुन्या इमारतीच्या कामात माहीतगार माणसं १० ते १५ टक्के बाजूला ठेवतात. आणि तो पैसा टाइल भारी घेण्यासाठी नसतो! तो खांबासाठी असतो.

५) कॅलेंडर म्हणजेच बजेट

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज रेकॉर्ड झालं, ते आपल्या भागात सगळ्यांना आठवत असेल. आपण तास मोजतो, पण खडी, डांबर, मशिनरी, माणसं आधीच जागेवर नसती तर ते तास मोजता आले नसते. आणि हे सगळं ७ जूनपर्यंत, म्हणजे पाऊस बसायच्या आधी संपलं.

लॉजला तर दोन कॅलेंडर सांभाळावी लागतात. स्लॅब आणि बाहेरचं काम पावसाळ्याआधी हवं, पण उन्हाळ्यातच लग्नसराई आणि तेव्हाच खोल्या भरतात. उपाय एकच. स्लॅबचं काम हिवाळ्यात घ्यायचं (आपल्याकडच्या ४५ डिग्रीत क्युरिंगला पाणी आणायचं कुठून?), आणि खोल्यांच्या आतलं काम, म्हणजे टाइल, वायरिंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, पावसाळ्यात करायचं, कारण तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. आम्ही नेमकं उलटं केलं. फेब्रुवारीत सगळ्या १२ खोल्या एकदम रिकाम्या केल्या आणि लग्नसराई हातची गेली.

टप्प्याटप्प्याने काम करणं म्हणजे काय, याचं मोठं उदाहरण मुंबईत आहे. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झालं. त्याच्या मूळ वास्तुरचनेशी सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचं नाव जोडलेलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जुन्या पॅलेस विंगचं फार नुकसान झालं. पण शेजारचा टॉवर २१ डिसेंबर २००८ लाच, म्हणजे महिन्याच्या आत पाहुण्यांसाठी उघडला. पॅलेस विंग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला सुरू झाली. म्हणजे एका बाजूला दीड वर्षाच्या वर काम चालू आणि दुसऱ्या बाजूला पाहुणे आणि पगार चालू. टाटांना जे गरजेचं वाटलं ते १२ खोल्यांच्या मामांना तर दहापट गरजेचं होतं! ६ खोल्या बंद आणि ६ चालू, एवढंच करायचं होतं.

६) कर्ज फिटेल का?

शेवटची परीक्षा. ३५ लाख, ११ टक्के व्याज, ७ वर्षं. हप्ता महिन्याला साधारण ६० हजार, वर्षाला ७ लाख २० हजार. नवीन ६ खोल्यांचं वर्षाचं भाडं, ६० टक्के भरतील असं धरून, साधारण ९ लाख २० हजार. त्यातला निम्मा वीज, धुलाई, पगार, दुरुस्तीत गेला तर हातात ४ लाख ६० हजार. उरलेलं जुन्या खोल्यांनी भरायचं. आणि त्याच बंद! हा हिशेब एका पानावर मावतो. पण ते पान प्लॅनच्या आधी लिहायचं असतं.

अजून एक सवय मोठी हॉटेलं पाळतात. दरवर्षी उत्पन्नाचे साधारण ४ टक्के फर्निचर आणि दुरुस्तीसाठी वेगळे काढायचे. तसं केलं की वीस वर्षांनी सगळं एकदम बदलायची वेळ येत नाही.

मग मामांच्या लॉजचं काय झालं? जूनमध्ये पैसे संपले. वरचा स्लॅब पडला होता, पण भिंती नव्हत्या. मी हॉस्टेलवरून फोन केला तेव्हा मला रडूच आलं. मामा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "आपला धंदाच अंथरुणाचा वं बाई, अन् आपनच अंथरूण पाहून पाय नाई पसरले."

सुट्टीत मी गेले, मामांसोबत रजिस्टर घेऊन बसले आणि नवीन कागद केला. वरचा मजला थांबवला. खांबांचं काम पूर्ण केलं, कारण तिथे तडजोड नाही. तळमजल्याच्या ६ खोल्या आधी पूर्ण करून सुरू केल्या, त्यांच्या भाड्यावर वरच्या ६ केल्या. बँकेला हे पान दाखवून हप्त्याची मुदत वाढवून घेतली. आता १२ खोल्या चालू आहेत. मामीचे दागिने अजून सुटायचे आहेत.

बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने बांधायला घेतला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने १७५७ मध्ये पूर्ण केला. आझमशहा १७०७ मध्येच मारला गेला होता. मी मामांना म्हटलं, तुमचा दुसरा मजला तेवढा नाही लांबणार! ते हसले. पण गच्चीवर उभ्या असलेल्या सळयांना गंज चढू नये म्हणून सिमेंटची स्लरी मीच लावली, आणि ती लावताना मला हसू आलं नाही.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुमच्याही घरचं कोणी म्हणेल, "तू इंजिनिअर ना, मग एक आकडा सांग." लगेच आकडा सांगू नका. आधी रजिस्टर मागा.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी