अकेशिया: ना राक्षस, ना जंगल

पाऊस सरत आला की लोहगड-विसापूरच्या पठारांवर सोनकी फुलते. तो पिवळा रंग ओसरतो आणि खाली लोणावळा-खंडाळ्यात, बंगल्यांच्या कुंपणांना, रस्त्याकडेला, वनीकरणाच्या पट्ट्यांत दुसरा पिवळा रंग दिसू लागतो. सोनकी इथल्या मातीतली. दुसरा रंग उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडून आलेल्या ‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस’चा. लोक त्याला नुसते अकेशिया म्हणतात, नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. उजाड डोंगर हिरवे करणारे गुणी झाड म्हणून काहीजण त्याचे गोडवे गातात, तर जमीन नासवणारे, पाणी पिऊन टाकणारे झाड म्हणून काहीजण त्याच्या नावाने बोटे मोडतात. दोन्हींत थोडे तथ्य आहे आणि दोन्हींची चूक एकच आहे. झाडाचे गुणदोष झाडातच शोधले जातात, ते कुठल्या जमिनीवर उभे आहे हे कुणी विचारत नाही. खाणीच्या उघड्या मुरमावर त्याचे जे गुण उपयोगी पडतात, तेच गवताळ पठारावर नडतात.

गैरसमज १: हे आपल्या बाभळीचेच भावंड आहे

नाते आहे, पण लांबचे. बाभळीला काटे असतात, फुलांचे गोल पिवळे गेंद असतात. अकेशियाला काटा नाही आणि फुले बोटभर लांब तुऱ्यांत येतात. त्याचे पानही खरे पान नव्हे. नुकत्या उगवलेल्या रोपाला आधी बाभळीसारखी बारीक पर्णिकांची पाने येतात. मग दर नव्या पानाचा देठ चपटा आणि रुंद होत जातो, टोकाच्या पर्णिका कमी होतात आणि शेवटी कोयत्याच्या पात्यासारखा वाकलेला देठच पानाचे काम करू लागतो. शेंग कानासारखी वळते. ‘ऑरिक्युलिफॉर्मिस’ म्हणजे कानाच्या आकाराचा. शेंग उकलली की नारिंगी-पिवळ्या धाग्याला काळे बी लटकते. शास्त्रानेही आता दोन्ही घरे वेगळी केली आहेत. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गोतावळ्याकडे ठेवण्याचा निर्णय झाला. त्यामुळे आपली बाभूळ ‘वाचेलिया’त गेली आणि खैर ‘सेनेगॅलिया’त. हा फरक केवळ नावांचा नाही. बाभळीच्या शेंगांवर शेळ्या जगतात, फांद्यांना सुगरणीचे खोपे लटकतात, डिंक आणि साल माणसाच्या उपयोगी पडते. हे संबंध जुळायला फार मोठा काळ लागला आहे. ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ म्हटले की ती सगळी पुण्याई नकळत या झाडाच्या खात्यावर जमा होते.

गैरसमज २: गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून लावायला उत्तम

महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचा स्वतंत्र विभाग झाला, तेव्हा प्रश्न जळणाचा आणि उघड्या डोंगरांचा होता. भराभर वाढणारे, निकस जमिनीत तगणारे आणि गुरांपासून राखण न लागणारे झाड हवे होते. अकेशिया या तिन्ही अटींत बसला. त्याचे जळण चांगले आहे आणि ते मिळाले की जवळच्या जंगलावरचा कुऱ्हाडीचा भार हलका होतो, हा लागवडीच्या बाजूचा मुद्दा मान्य करायलाच हवा. पण गुरे खात नाहीत हा रोपवाटिकेच्या हिशेबात गुण असला, तरी निसर्गाच्या हिशेबात ती त्रुटी आहे. पानावर अळी, अळीवर पक्षी, अशी साखळी पुढे जाते. इथे ती पहिल्याच कडीला अडखळते. फुलांचेही तसेच. झाड पिवळेधमक झाले म्हणजे मधमाश्यांची चंगळ, असे वाटते. पण या फुलांत मध नसतो, असतो तो फक्त पराग. मधाची बारीक ग्रंथी असते ती पानासारख्या देठाच्या बुडाशी, आणि तिच्याभोवती मुंग्यांची ये-जा दिसते. माश्या पराग नेतात, क्वचित त्या ग्रंथीशीही येतात, म्हणजे झाड अगदीच निरुपयोगी नाही. पण जांभूळ, हिरडा किंवा सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी जो मध देते, त्याची भरपाई याच्या पिवळ्या तुऱ्यांनी होत नाही.

गैरसमज ३: त्याच्या विषाने खाली काहीच उगवत नाही

अकेशियाखालची जमीन बहुधा उघडी-बोडकी दिसते हे खरे. प्रयोगशाळेत त्याच्या पाल्याच्या अर्काने काही बियांची उगवण मंदावते, हेही दिसले आहे. पण रानात विषापेक्षा साध्या गोष्टी जास्त काम करतात. पाला चिवट असतो, सावकाश कुजतो, त्याचा जाड थर साचतो आणि बी मातीपर्यंत पोचत नाही. लागवड दाट असेल तर उजेडही मिळत नाही. पाण्याचेही असेच. बारमाही हिरवे आणि वेगाने वाढणारे कुठलेही झाड उन्हाळ्यात पाणी ओढतेच. तो काही या एकाच झाडाचा दुर्गुण नाही. ‘काहीच उगवत नाही’ या समजाला सर्वांत ठोस उत्तर तमिळनाडूत मिळते. ऑरोव्हिलच्या धुपून गेलेल्या लाल जमिनीवर सुरुवातीच्या काळात हेच झाड मोठ्या प्रमाणात लावले गेले. त्याने सावली आणि पाचोळा दिला आणि त्याच्या आडोशाला तिथल्या देशी सदाहरित जंगलाची रोपे वाढवली गेली. डिसेंबर २०११ मध्ये ‘ठाणे’ चक्रीवादळाने यातले असंख्य अकेशिया आडवे केले, पण खालचे जंगल तोवर आपल्या पायावर उभे राहिले होते. म्हणजे हे झाड दाईचे काम करू शकते. अट एवढीच की दाईला घरची मालकीण करायचे नाही. ऑरोव्हिलमध्ये देशी रोपे कुणीतरी आणून लावली आणि जपली. लागवड करून पाठ फिरवली असती तर तिथेही नुसता अकेशियाच उरला असता.

गैरसमज ४: नत्र देणारे झाड कुठेही लावले तरी जमीन सुधारते

त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे निर्विवाद आहे. पण बाभूळ, खैर आणि पांगाराही ते करतात. शिवाय प्रत्येक जमिनीला ‘सुधारणा’ हवी असतेच असे नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी आसपासच्या पठारांवर बोटभर मातीखाली कातळ लागतो. तिथे मोठी झाडे नाहीत म्हणून ती ‘पडीक’ मानली जातात. प्रत्यक्षात सोनकी, कवला, तेरडा आणि कितीतरी गवते त्या निकस, पातळ मातीवरच पोसली आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका लहानशा घाटमाथ्यावर वनस्पतींची केवढी विविधता मावते, हे त्यातून कळते. त्यातल्या पुष्कळशा उघड्या उन्हाच्या वनस्पती आहेत. त्यांच्यावर सावली धरणे आणि मातीत नत्र ओतणे म्हणजे त्यांची जागाच काढून घेणे. निलगिरीत हे घडून गेले आहे. तिथे कातडी कमावायला साल मिळावी म्हणून लावलेल्या याच कुळातल्या अकेशियाने शोला नावाच्या दाट जंगलांच्या भोवतालची विस्तीर्ण कुरणे गिळली. कुणी म्हणेल, ती जात वेगळी आणि जास्त आक्रमक. बरोबर आहे. पण लोणावळ्याच्या पठारावर आक्रमणाची वाट बघायची गरजच नाही. खड्डे खणून आपणच ते करतो.

गैरसमज ५: मग सरसकट तोडून टाकावा

राग समजण्यासारखा असला तरी हा उपाय उलटण्याची शक्यता जास्त. मावळच्या उतारावरची सगळी झाडे एकाच उन्हाळ्यात गेली, तर जूनच्या पहिल्या सरींबरोबर माती इंद्रायणी-पवनेत उतरेल. दुसरे म्हणजे बियांचे कवच इतके टणक असते की रोपवाटिकेत ती पेरण्याआधी उकळत्या पाण्यातून काढतात. वणवा हेच काम फुकटात करतो. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरांना आगी लागतात, जमिनीत पडून राहिलेल्या बियांचे कवच तडकते आणि तोडलेल्या जागी पावसाळ्यात त्याचीच रोपे उभी राहतात. तेव्हा विरळणी टप्प्याटप्प्याने व्हावी, मोकळ्या झालेल्या जागेत जांभूळ, हिरडा, ऐन, अंजनीची रोपे लावावीत आणि वणवा थोपवावा. या रोपांसाठी बी दूरवरून आणायला नको. आजिवलीच्या देवराईसारखी राखलेली राने मावळातच आहेत.

एखादा पट्टा ठेवायचा की काढायचा, हे ठरवायला फुलांकडे वर बघून उपयोग नाही, झाडाखाली वाकावे लागते. पाचोळ्यातून जांभळीची, हिरड्याची रोपे डोके काढत असतील तर अकेशियाचे काम होत आले आहे, त्याला हळूहळू निरोप द्यावा. फक्त त्याचीच पोरे दिसत असतील तर ती उपटून देशी रोपे आपल्यालाच लावावी लागतील. आणि वाकल्यावर हाताला कातळ आणि सोनकीची वाळलेली काडी लागली, तर ते झाड मुळातच चुकीच्या जागी उभे आहे. कुऱ्हाड तिथे सगळ्यात आधी पोचावी.