अर्धी केबिन गरम, अर्धी गार

पिकअप ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या अंगावर गार वारा येतो आणि शेजारच्या सीटवर मात्र घाम फुटेल इतकी ऊब असते. अमेरिकेच्या उत्तरेकडील नॉर्थ डकोटा, मिनेसोटा यांसारख्या राज्यांत आणि कॅनडातील मॅनिटोबात हिवाळा लागला की ही तक्रार हमखास ऐकू येते. तिथे जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. पुढच्या काचेवरचे बर्फ वितळवणारा वाराही हीटरच्याच पेटीतून येतो. त्यामुळे ड्रायव्हरची बाजू गार पडली की त्याच्या समोरची काच धुरकटते आणि हाताने पुसलेल्या वीतभर जागेतून रस्ता पाहत गाडी चालवावी लागते. हा बिघाड गैरसोयीचा तर आहेच, पण धोक्याचाही आहे.

तक्रार आली की पहिला संशय डॅशबोर्डमागच्या मोटरवर जातो. नवी मोटर येते, बसते, आणि केबिन होती तशीच राहते. हा खर्च टाळायचा तर दोष पाण्याचा आहे की वाऱ्याचा, हे आधी ठरवावे लागते. पाणी म्हणजे इंजिनातून फिरणारे गरम कूलंट आणि वारा म्हणजे ती ऊब केबिनभर नेणारी हवा.

हीटरला स्वतःची आच नसते. इंजिन थंड ठेवताना तापलेले कूलंट दोन रबरी होजमधून केबिनकडे येते आणि डॅशबोर्डमागे बसवलेल्या हीटर कोअरमधून फिरून परत जाते. हीटर कोअर म्हणजे शाळेच्या वहीएवढा छोटा रेडिएटर. ब्लोअरची हवा त्याच्या पत्र्यांमधून गेली की तापते. किती हवा कोअरमधून जाईल आणि किती बाजूने निघून जाईल, हे ब्लेंड डोअर म्हणजे आतला फ्लॅप ठरवतो. दोन्ही सीटना वेगळे तापमान ठेवता येणाऱ्या ड्युअल झोन गाडीत पेटीच्या मध्ये भिंत असते, दोन बाजूंना दोन फ्लॅप असतात आणि प्रत्येकाला आपली छोटी मोटर असते. एकच नॉब असलेल्या गाडीत डाव्या-उजव्या बाजूंत फरक पडला, तर फ्लॅपपेक्षा कोअरवर संशय घ्यावा.

कोअर अर्धवट तुंबला की सगळी केबिन सारखीच कोमट का होत नाही, एकच बाजू का गारठते, हे समजले की निम्मे निदान झाले. कालव्याला पाणी कमी सुटले की मुखाजवळची शेते भिजतात आणि टेलचा शेतकरी कोरडा राहतो, तसेच इथे होते. कूलंट भरपूर आणि जोरात वाहत असते तेव्हा कोअरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याची थोडीच उष्णता जाते, आणि दोन्ही बाजूंच्या हवेला जवळपास सारखी ऊब मिळते. गाळाने प्रवाह मंदावला की कूलंट आपली बहुतेक उष्णता सुरुवातीलाच देऊन बसते. पुढच्या भागात पोहोचते ते निवलेले पाणी. त्या भागातून ज्या सीटची हवा जाते ती सीट गार. कोणती बाजू गार पडणार हे होज कुठून आत शिरतात आणि कोअरच्या नळ्या कशा मांडल्या आहेत यावर ठरते. बऱ्याच पिकअपमध्ये ती पाळी ड्रायव्हरवर येते.

तपासणीची सुरुवात मात्र कूलंटच्या पातळीपासून करावी, आणि तीही इंजिन पूर्ण गार असताना. गरम इंजिनचे झाकण उघडले तर दाबाखालचे कूलंट उसळून हात-तोंड भाजते. पातळी उतरलेली असेल तर कोअरमध्ये हवा अडकते. गाडी सुरू करताच डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली, तर ती याच अडकलेल्या हवेची खूण. कूलंट भरून हवा काढल्यावर दोन्ही बाजू सारख्या तापल्या, तर पुढचा शोध गळतीचा. बाहेर कुठेही ओल नसताना पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर हेड गॅस्केट तपासावे लागते. दोन्ही बाजू सारख्याच कोमट असतील आणि तापमानाचा काटाही वर चढत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. ते दुखणे वेगळे.

पातळी ठीक असेल तर इंजिन चांगले तापवावे, दोन्ही नॉब पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवावा. मग बॉनेट उघडून फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीत, शिरणारे दोन होज पाहावेत. पंखा आणि पट्ट्यापासून बाही सांभाळून एकेका होजला हात लावावा. निरोगी गाडीत दोन्ही होज क्षणभरच धरवतात. एक चटका देणारा आणि दुसरा खुशाल मुठीत धरता येणारा असेल, तर कोअर तुंबला आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर अंदाजाची जागा आकडा घेतो. आत जाणारा होज ८५ अंश आणि परतीचा ७० च्या वर असेल तर प्रवाह ठीक समजावा. परतीचा ४५ अंशच असेल तर शंकेला जागा उरत नाही. हे यंत्र काळ्या रबरावर धरावे, कारण चकचकीत धातूवर ते चुकीचा आकडा दाखवते.

आणखी एक खूण बिनखर्चाची आहे. गाडी उभी ठेवून इंजिन मिनिट-दोन मिनिटे २,००० फेऱ्यांवर चालवावे. फेऱ्या वाढल्या की पाण्याचा पंप जोर धरतो. तेवढ्यात गार बाजूची हवा ऊबदार होऊ लागली आणि इंजिन मंद होताच पुन्हा गारठली, तर दोष पाण्याचा. फ्लॅपला इंजिनच्या फेऱ्यांशी देणेघेणे नसते.

कोअर तुंबतो तो बहुधा आधीच्या दुर्लक्षामुळे. वर्षानुवर्षे न बदललेल्या कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये संपतात आणि बीडाच्या इंजिनातला गंज फिरू लागतो. वेगवेगळ्या रसायनांची दोन कूलंट एकत्र ओतली तर चिकट साका धरू शकतो. गळती थांबवणारी पूड टाकलेली असेल तर तीही कोअरच्या बारीक नळ्यांतच जाऊन बसते. कारण सगळ्या यंत्रणेत अरुंद वाट तिथेच असते.

कोअर धुण्यासाठी इंजिन गार असताना दोन्ही होज सोडवतात. जुना होज कोअरच्या नळीला घट्ट चिकटलेला असतो आणि ती नळी मऊ ॲल्युमिनियमची असते. ओढाताण केली तर ती वाकते किंवा चिरते, आणि धुण्याचे काम बदलण्यावर जाते. त्यापेक्षा होजच्या टोकाला उभी चीर द्यावी आणि नवा होज टाकावा. दोन्ही नळ्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या जोडून परतीच्या बाजूने, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, साधे पाणी सोडतात. नळ जेमतेम उघडायचा, कारण जोराच्या दाबाने कोअर फुटू शकतो. सुरुवातीला बाहेर येणारे पाणी चहासारखे तपकिरी असते. मग अचानक गढूळ लोंढा येतो, त्यात खपल्या आणि लाल-काळी वाळूसारखी कच दिसते, आणि धार एकदम मोकळी होते. पारदर्शक नळी लावतात ती हा क्षण दिसावा म्हणूनच. त्यानंतर दिशा उलटसुलट करत पाणी नितळ येईपर्यंत धुवावे. शेवटी हलक्या हवेने आतले पाणी काढून टाकावे, नाहीतर कूलंट पातळ होते. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असले की मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. प्रदेश उणे ३० चा असताना ही तफावत फार नाही, म्हणून प्रमाण मोजूनच भरावे.

काढलेले कूलंट उघड्या भांड्यात किंवा अंगणात सोडू नये. त्यातले एथिलीन ग्लायकॉल गोड लागते, कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि थोड्याशानेही मरतात.

होज दोन्ही सारखे गरम, पण एक सीट गारच असेल, तर शोध वाऱ्याकडे वळतो. गाडी सुरू करताना किंवा नॉब फिरवताना डॅशबोर्डमागे टकटक आवाज येत राहिला, तर मोटरमधल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झिजले आहेत. काही गाड्यांत बॅटरी काढून पुन्हा जोडली की मोटर आपली दोन टोके नव्याने शोधते. त्या वेळी बटणांना हात लावायचा नाही. एवढ्याने भागले नाही तर मोटरचे दोन-तीन स्क्रू काढून ती बाजूला करावी आणि फ्लॅपचा दांडा बोटांनी फिरवावा. दांडा मोकळा फिरून दोन्ही टोकांना ठामपणे अडत असेल तर फ्लॅप ठीक आहे, मोटर बदलावी. कुठेच न अडता गोल फिरत असेल तर फ्लॅप आत तुटला आहे. व्हेंटमधून फोमचे काळे तुकडे उडत असतील तर फ्लॅपच्या कडेचे अस्तर सुटले आहे आणि गार हवा तिथून निसटते. नागपूरच्या मे महिन्यात एसी चालू असताना एकाच बाजूने गरम वारा येतो, त्यामागेही कधीकधी हाच फ्लॅप असतो; मात्र तिथे आधी गॅस तपासावा, कारण गॅस कमी झाला तरी दोन बाजूंत फरक पडतो.

मागच्या सीटचीच तक्रार असेल तर सीटखालून किंवा मधल्या कन्सोलमधून जाणारी हवेची नळी पाहावी. म्युझिक सिस्टीम बसवताना ती निखळलेली सापडते.

दोन-तीनदा धुऊनही परतीचा होज तापत नसेल, तर कोअर बदलणे एवढेच उरते. बहुतेक पिकअपमध्ये त्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, काहींत एसीचा गॅसही आधी काढून घ्यावा लागतो, आणि सबंध दिवस त्यात जातो. पेटी एवढी उघडलीच आहे तर दोन्ही फ्लॅपचे दांडे, त्यांच्या कडांचा फोम आणि मधल्या भिंतीचे सील त्याच वेळी तपासून घ्यावे. डॅशबोर्ड परत बसला की तिथे हात पोहोचत नाही.