मनश्चिकित्सेतील बंडखोर विचारवंत आणि परिचय-पुस्तिका

मनश्चिकित्सेच्या आधुनिक इतिहासात 1961 हे वर्ष लक्षणीय मानावे लागते. मिशेल फुको यांचा वेडाच्या इतिहासावरील ग्रंथ, थॉमस सास यांचा ‘मानसिक रोग ही मिथ्यकथा होय’ असे प्रतिपादणारा ग्रंथ आणि अर्व्हिंग गॉफमन यांचे मनोरुग्णालयांवरील निबंध, हे तिन्ही त्याच वर्षी प्रकाशित झाले. आदल्याच वर्षी आर. डी. लँग यांनी दुभंगलेल्या ‘स्व’ची मीमांसा केली होती. हे मूळ ग्रंथ विस्तृत व दुर्बोध असल्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थी प्रायः परिचय-पुस्तिकांकडे वळतो. अशा पुस्तिकांचे मोल काय व मर्यादा कोणत्या, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फ्रँक करमोड यांच्या संपादकत्वाखाली 1970 पासून निघालेली ‘आधुनिक आचार्य’ ही इंग्रजी ग्रंथमाला या प्रकाराचा ठळक नमुना होय. तीत फ्रान्त्झ फॅनन यांच्यावर डेव्हिड कोट यांनी (1970), विल्हेल्म राइख यांच्यावर चार्ल्स रायक्रॉफ्ट यांनी (1971) व लँग यांच्यावर एडगर फ्रीडेनबर्ग यांनी (1973) लिहिले. यांपैकी रायक्रॉफ्ट हे मनोविश्लेषक. कोट हे इतिहासकार व कादंबरीकार, तर फ्रीडेनबर्ग हे शिक्षणाचे समाजशास्त्रीय अभ्यासक. अर्थात परिचयकर्त्याची विद्याशाखा कोणती, हे वाचकाने प्रथमच पाहून ठेवावे. कारण कोणता प्रश्न मध्यभागी यावा व कोणता कडेला राहावा, हे बहुधा तीच ठरविते.

फॅनन यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांच्यावरील पुस्तिका मालेच्या पहिल्याच संचात गेव्हारा व मार्क्यूझ यांच्या पंक्तीला बसून अवतरली. म्हणजे त्यांची ओळख क्रांतिकारक म्हणून झाली. वस्तुतः 1953 ते 1956 या काळात ते अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात चिकित्सक होते. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा तोस्केल यांच्यापाशी शिकलेली सामाजिक उपचारपद्धती त्यांनी तेथे दोन विभागांत योजिली. युरोपीय स्त्रियांच्या विभागात सभा, उत्सव व वार्तापत्र यांचा गुण आला. मुसलमान पुरुषांच्या विभागात मात्र तीच योजना पूर्णतः फसली. दोष रुग्णांच्या माथी मारणे सोपे होते. परंतु 1954 मध्ये जाक अझुले यांच्यासह लिहिलेल्या निबंधात फॅनन यांनी तो स्वतःकडे घेतला. रुग्णांची भाषा चिकित्सकाला येत नव्हती, बहुतेकांना वाचता येत नव्हते, आणि त्यांचे सण व करमणुकीचे प्रकार निराळे होते. मग तेथे कॉफीगृह उघडले, कथेकरी आला, मुसलमानी सण साजरे होऊ लागले. हे अपयश व त्याची कबुली वगळून केलेला फॅनन यांचा परिचय अपुराच म्हणावा लागेल.

दुसरा धोका सरसकटीकरणाचा. 1967 मध्ये डेव्हिड कूपर यांनी रूढ केलेल्या ‘प्रति-मनश्चिकित्सा’ या नावाखाली लँग व सास यांना एकत्र बांधण्यात येते. तथापि दोघांनीही ते बिरुद नाकारले. सास यांचा आक्षेप सक्तीला व रोग या संकल्पनेच्या अलंकारिक वापराला होता. लँग रुग्णाच्या अनुभवात अर्थ शोधीत होते. एकाचा प्रश्न न्यायाचा, दुसऱ्याचा आकलनाचा.

हा वाद आपल्याला परका नाही. धरमपेठेपासून काही किलोमीटरच्या अंतरावर असलेले नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचे आहे; म्हणजे ते ब्रिटिश राजवटीत उभे राहिले. अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी 1950 नंतरच्या दशकात रुग्णांच्या आप्तांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंमध्ये राहू दिले, हा प्रयोग लँग यांच्या किंग्जली हॉलच्या (1965) आधीचा. पण बंडखोरांच्या नामावळीत त्यांचे नाव क्वचितच आढळते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई केली व आपल्यावरील उपचारांविषयी पूर्वसूचना लिहून ठेवण्याचा हक्क दिला. सक्तीचा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

सारांश, परिचय-पुस्तिका ही वाट दाखविणारी पाटी होय. तिलाच मुक्कामाचे ठिकाण समजू नये. फॅनन व अझुले यांच्या निबंधाने घालून दिलेला कित्ता आपल्या विद्यार्थ्यानेही गिरवावा. उपचार फसला तर रुग्णाला दूषण देण्यापूर्वी आपण त्याच्याशी कोणत्या भाषेत बोललो, वऱ्हाडीत, गोंडीत की केवळ पुस्तकी मराठीत, हे त्याने स्वतःस विचारावे.