तबकडीमागचे ॲप

निपाणीहून बेळगावकडे निघालेल्या भरगच्च एस.टी.त खिशातला फोन काढण्यापेक्षा मनगट वळवणे सोपे. पण तिथे स्मार्ट घड्याळावर दिसणारी क्रिकेटची धावसंख्या तबकडीची स्वतःची नसते.

गूगल आणि सॅमसंगने 2023 मध्ये आणलेल्या ‘वॉच फेस फॉरमॅट’मध्ये तबकडी म्हणजे निव्वळ मांडणीचा आराखडा, तिच्यात ॲपचा प्रोग्राम नसतोच. वेळ, पावले, बॅटरी हे घड्याळाची यंत्रणा देते. धावसंख्या, तिथी, पुढची बैठक मात्र वेगळे ॲप पुरवते. तबकडी त्याला फक्त एक कोपरा मोकळा ठेवते. त्या कोपऱ्याला ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. ॲपने सोय ठेवली असेल, तर तिथे बोट टेकवताच ते पूर्ण उघडते.

गूगलच्या ‘वेअर ओएस’ या घड्याळ-प्रणालीवर अशी माहिती नेमाने ताजी करण्याचे किमान अंतर पाच मिनिटांचे. बॅटरीला बरे, शेवटच्या षटकाला निरुपयोगी!

आखूड मजकुराच्या कोपऱ्यात जेमतेम सात चिन्हे मावतात. काना, मात्रा, हलन्त सुटे मोजले, तर ‘निपाणी’ सहांत बसते. ‘चिक्कोडी’ आठांवर जाते.

ॲपल वॉचवर बाहेरच्या कंपन्यांना तबकडी बनवता येत नाही, कोपरे तेवढे भरता येतात. तिथल्या ‘कॅलिफोर्निया’ तबकडीवर देवनागरी आकडे निवडण्याची सोय आहे.