'उमराव जान अदा' : वर्गासाठी कोणती आवृत्ती?

मिर्झा हादी रुस्वा यांची ही कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आवृत्त्या पुष्कळ निघाल्या; वर्गात चालतील अशा मोजक्याच.

पुस्तक हाती आले की आधी सुरुवातीचा मुशायरा पाहावा. त्यात घटना थोड्या व शेर फार, म्हणून संक्षेप करणाऱ्याला तो गाळण्याजोगा वाटतो. पण याच बैठकीमुळे उमराव व रुस्वा समोरासमोर येतात आणि ती आपली कहाणी सांगू लागते. शेवटी लिहून झालेली हकिकत तीच वाचते व तिच्यावर बोलते. ही चौकट गेली की विद्यार्थ्यांजवळ १९८१ च्या चित्रपटाची गोष्ट तेवढी उरते.

मुलींच्या वर्गासाठी 'सोज्ज्वळ' आवृत्ती लावावी, असे काही सहकारी सुचवतात. मला ते पटत नाही. अमीरन ही लहान मुलगी फैजाबादहून पळवली जाते, लखनौला विकली जाते. हे दुःख झाकले तर दागिने आणि गझलाच शिल्लक राहतात.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना देवनागरी प्रत द्यावी लागते. तिथे नुक्ते तपासावेत : 'ख़ुदा' म्हणजे ईश्वर, 'खुदा' म्हणजे खोदलेला. 'दर्द-ए-दिल'मधला 'ए' गळाला तर अर्थही जातो, वजनही. कठीण शब्दांचे अर्थ त्याच पानाखाली असलेले बरे. शेवटची शब्दसूची कोणी उघडत नाही.

खुशवंतसिंग व एम. ए. हुसैनी यांचा १९६१ चा इंग्रजी अनुवाद अध्यापकांनी स्वतःपुरता जवळ ठेवावा. वर्गात मात्र सर्वांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर निम्मा तास पान शोधण्यात जातो.